मुळी खरी, पण मात्रा कोण मोजणार?
बी.पी., सर्पगंधा आणि आपल्या घरातला झाडपाला



बी.पी.ची गोळी सुरू झालेल्या माणसाला वस्तीत पहिला सल्ला मिळतो तो असा : "गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. त्यापेक्षा मुळी घे, काढा घे." सल्ला देणारा वाईट माणूस नसतो. त्याच्या नात्यातल्या कुणाला काढ्याने बरे वाटलेले असते. आठवडी बाजारात मुळ्या घेऊन बसणारा माणूसही तेच सांगतो. दुसरीकडे शिकलेली मुले म्हणतात, "झाडपाला म्हणजे सगळी अंधश्रद्धा, फेकून द्या." आजीला ते पटत नाही. तिने झाडपाल्याने जखमा भरलेल्या पाहिल्या आहेत.

या लेखात दोन्ही बाजू तपासून पाहू. बी.पी. कमी करणारी वनस्पती खरोखर आहे. तिची कसोटी आपल्या मुंबईत लागली आणि तिने जगभर नाव मिळवले. पण ती खरे औषध आहे म्हणूनच ती अंदाजाने, चिमटीने घ्यायची वस्तू नाही. हे नीट समजले तर घरातल्या कर्त्या माणसाला लकवा होण्यापासून वाचवता येईल.

बी.पी. म्हणजे नेमके काय?

विहिरीवरची मोटर पाइपमधून पाणी ढकलते. पाइप अरुंद झाला किंवा पाणी जास्त झाले, तर पाइपवर ताण येतो. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे तसेच आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधला दाब म्हणजे खालचा आकडा. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसून मोजल्यावरही वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

या आजाराची फसवी गोष्ट अशी की बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, घेरी येत नाही. माणूस कापूस वेचतो, वीटभट्टीवर राबतो, सायकल हाणतो. आत मात्र मेंदूतल्या, डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या रोज थोड्या थोड्या खराब होत असतात. म्हणून "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न बी.पी.च्या बाबतीत चालत नाही. त्रास जाणवतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

सर्पगंधेची गोष्ट

सर्पगंधा हे लहानसे झुडूप. त्याची मुळी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. साप चावल्यावर, झोप न येण्यावर, वेडाच्या झटक्यावर ती देत. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. साप चावल्यावर मात्र तिचा उपयोग होत नाही. सर्पदंशाला सरकारी दवाखान्यात मिळणारी लसच लागते, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी दिल्यावर रुग्ण शांत होतोच, शिवाय त्याचा रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमा सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने मुळीतली काही द्रव्ये वेगळी केली. पुढची काही वर्षे देशातले अनेक डॉक्टर ही मुळी वापरत राहिले, पण बाहेरच्या जगाला तिची फारशी खबर नव्हती.

ती खबर दिली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, आणि आधीचे व नंतरचे आकडे लिहून ठेवले. बहुतेकांचा दाब उतरला. हे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात छापून आले आणि युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचे नाव रेसर्पिन. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

१९६७ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला तीन औषधे मिळून दिली, त्यातले एक रेसर्पिन होते. दुसऱ्या गटाला औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाली किंवा मृत्यू आला. औषध मिळालेल्या गटात अशी घटना फक्त २ जणांच्या बाबतीत घडली. बी.पी. उतरवला तर जीव वाचतो, हे इतक्या स्पष्टपणे सिद्ध करणारी ही पहिल्या काही चाचण्यांपैकी एक. त्यात आपल्याकडच्या मुळीचा वाटा होता. तेव्हा झाडपाला म्हणजे सगळे थोतांड, असे कुणी म्हणू नये.

मुळी शरीरात काय करते?

आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अगदी सूक्ष्म थैल्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचे रसायन साठवलेले असते. मज्जातंतूचा इशारा आला की थैली फुटते, रसायन बाहेर पडते, रक्तवाहिनी आवळते आणि हृदय जोरात धडधडते. भीती, राग, धावपळ यांच्या वेळी दाब वाढतो तो असा.

रेसर्पिन या थैल्या भरूच देत नाही. थैलीच्या तोंडाशी रसायन आत घेणारी जी व्यवस्था असते, ती ते बंद करते. बाहेर उरलेले रसायन मोडून जाते. हळूहळू साठा रिकामा होतो. मग इशारा आला तरी सोडायला माल नसतो. रक्तवाहिन्या सैल राहतात, नाडी मंदावते, दाब उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. साठा रिकामा व्हायला वेळ लागतो, म्हणून या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आणि औषध बंद केले तरी थैल्यांचे काम पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणाम नंतरही बरेच दिवस रेंगाळतो. चार दिवस मुळी घेऊन फरक दिसला नाही म्हणून कुणी मात्रा दुप्पट केली, तर त्या वाढीव मात्रेचा परिणाम पुढे कित्येक दिवस अंगावर राहतो. तेव्हा मुळी टाकून दिली तरी परिणाम लगेच थांबत नाही.

मग तीच मुळी घरी का घेऊ नये?

पहिले कारण मात्रेचे. रेसर्पिनची दिवसाची नेहमीची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. एका ग्रॅमचे चार हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पाव मिलिग्रॅम. मुळीत हा घटक किती आहे, ते जमीन, झुडपाचे वय, मुळी काढण्याचा हंगाम आणि साठवण यांवर ठरते. एका मुळीत थोडा, दुसरीत कितीतरी जास्त. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. चिमटीला हा फरक कळत नाही. शिवाय बाजारातली मुळी खरोखर सर्पगंधेचीच आहे की तिच्यासारख्या दुसऱ्या झाडाची, हेही आपल्याला ओळखता येत नाही.

दुसरे कारण मनाचे. त्या थैल्यांत फक्त दाब वाढवणारे रसायन नसते. मन प्रसन्न ठेवणारी आणि हालचाल सुरळीत ठेवणारी सेरोटोनिन व डोपामिन ही रसायनेही तशाच थैल्यांत असतात. रेसर्पिन तीही रिकामी करते. त्यामुळे जास्त मात्रेत काही लोकांना उदासी येते, उत्साह मरतो, जगणे नकोसे वाटते. कुणाचे हातपाय ताठरतात, कंप सुटतो. नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, पोटात आम्ल वाढणे हे त्रासही होतात. ज्या घरात कर्ज, नापिकी किंवा दारू यांमुळे आधीच मन खचलेले माणूस आहे, त्या घरात ही मुळी चुकूनही आणू नये. उदासी, आत्महत्येचे विचार, पोटातला अल्सर, कंपवात किंवा गरोदरपण असेल, तर सर्पगंधा वर्ज्यच. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. ही सरकारची मोफत सेवा आहे.

तिसरे कारण इतर औषधांचे. आधीच डॉक्टरांची गोळी सुरू असताना वरून मुळी घेतली, तर दोन्ही मिळून दाब किंवा नाडी एकदम खाली जाऊ शकते. उभे राहताच अंधारी येऊन माणूस पडतो. मेडिकलमध्ये ‘सर्पगंधा घनवटी’ मिळते. तिच्या प्रचलित पाठात सर्पगंधेबरोबर जटामांसी, खुरासानी ओवा, भांग अशी सुस्ती आणणारी द्रव्येही असतात. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. घ्यायचीच असेल तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याला दाखवून, आणि बी.पी. मोजत.

अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनीही रेसर्पिन हळूहळू मागे ठेवले ते याच कारणांनी. त्याहून सुरक्षित, मनावर परिणाम न करणाऱ्या आणि रोजच्या रोज मोजून देता येणाऱ्या गोळ्या आल्या.

विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे, ती पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. तक्षशिलेच्या गुरूने त्याला सांगितले, आसपास फिरून औषध नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. पण तो हे सांगू शकला ते सात वर्षे शिकल्यानंतर. झाड औषधी असणे आणि ते कुणाला, किती, कधी द्यायचे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरातला झाडपाला

सर्पगंधा सोडली तर आपल्या भागात बी.पी.साठी जे काही सुचवले जाते, त्यातले काही उपयोगी आहे, काही निरुपद्रवी आहे आणि काही उलटे आहे.

लाल अंबाडी : अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या आपल्याकडे नव्या नाहीत. लाल अंबाडीच्या बीभोवती जी लाल, आंबट पाकळीसारखी बोंडे असतात, ती वाळवून केलेल्या चहाची चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला, बाकीच्यांना तसेच दिसणारे दुसरे पेय. अंबाडी घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७ ने उतरला, दुसऱ्या गटाचा जेमतेम १ ने. हा परिणाम खरा आहे, पण लहान आहे. ज्याचा बी.पी. १७० आहे त्याला ७ अंकांनी तारले जात नाही. साखर न घालता असा चहा घ्यायला हरकत नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लसूण : नियमित लसणाने बी.पी. थोडा उतरतो, असे चाचण्यांत दिसले आहे. भाजीत, चटणीत लसूण जरूर खा. पण ठेच्यातल्या लसणाबरोबर मीठही जाते, ते विसरू नका. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर लसणाच्या कॅप्सूल विचारूनच घ्याव्या.

अर्जुन, म्हणजे आपला सादडा : नदी-नाल्याकाठच्या या झाडाची साल हृदयासाठी जुन्या काळापासून वापरतात. त्यावरचे अभ्यास लहान आहेत आणि मुख्यतः हृदयविकाराचे आहेत. बी.पी.ची गोळी सोडून सादड्याच्या सालीवर राहावे, असा पुरावा नाही.

ज्येष्ठमध : इथे सावध राहा. खोकल्याच्या काढ्यात, घशासाठी चघळायला आपण ते सहज वापरतो. हे बी.पी. वाढवते. आपल्या मूत्रपिंडात एक पहारेकरी रसायन असते. ते कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मीठ धरून ठेवण्याच्या कामात ढवळाढवळ करू देत नाही. ज्येष्ठमधातला गोड घटक त्या पहारेकऱ्यालाच बंद पाडतो. मग मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते, दाब चढतो आणि पायात गोळे येतात. एखाद दिवस घेतल्याने बिघडत नाही, पण बी.पी. असलेल्यांनी रोज ज्येष्ठमध घेऊ नये.

आणखी एक पुडी आहे, तिचे नाव कुणी सांगत नाही. गुडघेदुखी, कंबरदुखीवर ‘एका दिवसात आराम’ म्हणून मिळणारी बिननावाची पावडर. अशा पावडरींमध्ये स्टेरॉइड किंवा दुखण्याच्या गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे. आराम पडतो तो त्यामुळे. स्टेरॉइडने बी.पी. आणि शुगर दोन्ही चढतात. वेष्टन नाही, घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, असे औषध घरात आणू नका.

बी.पी. एकटा येत नाही

आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात ऊर्जेत, चरबीत रूपांतर होते. या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन बनवते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि मज्जातंतूही जास्त उत्तेजित राहतात. असा एकाच मुळातून बी.पी., शुगर आणि रक्तातली चरबी यांचा त्रास वाढतो. म्हणून बी.पी. निघाला की शुगर तपासायची आणि शुगर निघाली की बी.पी. मोजायचा.

सर्पगंधा दाबाचा आकडा उतरवते, पण शुगर किंवा पोटाची चरबी उतरवत नाही. ते काम चालण्याने, वजन उतरवण्याने आणि जेवण बदलण्यानेच होते. साधारण एक किलो वजन उतरले की वरचा आकडा एकाने उतरतो. पाच किलो उतरवले तर एका कप चहाशिवाय जवळपास अंबाडीएवढा गुण मिळाला असे समजा. मीठ कमी केल्यानेही बी.पी.च्या रुग्णांत साधारण पाच अंकांचा फरक पडतो.

खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतल्या अनेक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट आहे. मूत्रपिंडाच्या आजाराची चिंता इथे वर्षानुवर्षे आहे.

हिशोब साधा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानले जातात आणि दुसरी सोयच नसेल तर २ ग्रॅमपर्यंत चालवून घेतले जातात. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेले पाणी उन्हाळ्यात दिवसाला ३ लिटर प्याले, तर ६ ग्रॅम क्षार पोटात गेले. ते सगळे आपले खायचे मीठ नसते, पण त्यात सोडियम असतो, आणि तो भाजीतल्या मिठात भर घालतो. म्हणून नळयोजनेचे गोडे पाणी मिळत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच वापरा. खारट पाणी धुण्या-भांड्याला ठेवा. तहान मात्र मारू नका. कमी पाणी पिणे मूत्रपिंडाला आणखी वाईट.

या पट्ट्यातल्या माणसाने बिननावाच्या जडीबुटीपासून आणि दुखण्याच्या गोळ्यांपासून दुप्पट सांभाळून राहावे. दोन्हींचा भार मूत्रपिंडावर पडतो. बी.पी. किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन ही तपासणी करून घ्यावी.

गोळीबद्दलचे गैरसमज

"गोळीची सवय लागते." सवय लागत नाही. गोळी आजार मुळापासून काढत नाही, दाब काबूत ठेवते. ती थांबवली की दाब पुन्हा चढतो. पाऊस पडत असताना छत्री मिटली तर भिजणारच.

"गोळीने किडनी खराब होते." उलटे आहे. काबूत नसलेला बी.पी. किडनी खराब करतो. टेलमिसार्टनसारख्या गोळ्या तर किडनीला आधार देतात. फक्त जोराचे जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा डॉक्टरांना विचारायचे. गरोदर महिलेला ही गोळी चालत नाही, तिच्यासाठी वेगळी औषधे असतात.

"आकडा नॉर्मल आला, आता बंद करू." नॉर्मल आला तो गोळीमुळे. मात्रा कमी करायची असेल तर डॉक्टर करतील. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब आधीपेक्षाही वर उसळतो.

"अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले." असे काहींना होते. तेव्हा गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा. बदलून मिळते.

"रोजची गोळी परवडत नाही." प्राथमिक आरोग्य केंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर, ग्रामीण रुग्णालय इथे बी.पी.च्या गोळ्या मोफत मिळतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची बी.पी. आणि शुगर तपासणी व्हावी अशी सरकारी योजना आहे. आशाताईंना विचारा, त्या नोंद करून घेतील.

घरात काय करायचे?

मिठाचा डबा मोजा. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मीठ पुरते. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. लोणचे, पापड, कुरड्या, शेव, कचोरी, सुकट, बोंबील यांतले मीठही त्यातच धरायचे. सुकट करायची असेल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुवा आणि वरून मीठ घालू नका. ताटात मीठ वाढणे बंद करा. तंबाखू आणि खर्ऱ्याने नाडी व दाब लगेच चढतो. दारूनेही चढतो.

बी.पी. मोजताना पाच मिनिटे शांत बसा. आधी अर्धा तास चहा, खर्रा, विडी नको. पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. आकडा तारखेसह वहीत लिहा. विहारात रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने एक चांगले मशीन आणि एक वही ठेवली, तर वस्तीतल्या सगळ्यांची नोंद होईल. मशीन वर्षातून एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून पाहा.

कुणाला अंबाडीचा चहा किंवा दुसरे काही करून पाहायचे असेल, तर गोळी सुरू ठेवून, डॉक्टरांना सांगून आणि वहीत आकडे लिहून पाहावे. डॉ. वकील यांनी पन्नास रुग्णांच्या बाबतीत हेच केले. बरे वाटण्यावर विसंबले नाहीत, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहिला.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुणे-सुरतेकडे कामाला निघताना पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठी बरोबर घ्या. दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला जाताना गर्दीत, प्रवासात गोळी चुकते. ती वरच्या खिशात ठेवा.

आणि एक गोष्ट घरातल्या लहान-थोर सगळ्यांना शिकवा. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो लकवा. मालीश, मुळी, कबुतराचे रक्त, कुणाकडची पट्टी यांत वेळ घालवू नका. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते सांगा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी डोक्याचा सी.टी. स्कॅन व्हावा लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्यायला सांगा.

या महिन्यात घरातल्या तीस वर्षांवरील प्रत्येकाचा बी.पी. एकदा मोजून घ्या. आजी मुळी घेत असेल तर तिच्यावर चिडू नका. ती मुळी पिशवीत घालून आजीबरोबर दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर ठेवा.